समुद्राकाठची ग्रील: ‘जीआय आहे का’ नको, ‘जस्त किती मायक्रॉन’ ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माहीमला समुद्राकडे तोंड असलेली चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, तीन वर्षांपूर्वी बसवलेली साध्या लोखंडाची ग्रील. दोनदा रंग मारूनही गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात आणि खालचे शेजारी तक्रार करतात. एक फॅब्रिकेटर म्हणतो, ‘जीआयची (म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची) करून घ्या, पुन्हा बघायला नको.’ दुसरा म्हणतो, ‘चांगला रंग मारा, पुरे.’ तिसरा स्टेनलेस स्टील सुचवतो. आणि तुमच्या मामांनी वर्सोव्याला जीआयची म्हणून बसवलेली ग्रील दीड वर्षात गंजली, त्यामुळे तुमचा जीआयवरचाच विश्वास उडालाय.

मी तळोज्याच्या एका गॅल्व्हनायझिंग, म्हणजे लोखंडावर जस्त चढवायच्या, कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी बघत होते. विजेच्या मनोऱ्यांचे अँगल, हायवेचे क्रॅश बॅरिअर, नाल्यावरच्या जाळ्या, गेटं, ग्रिली, सगळं हाताखालून गेलंय. तुमच्या मामांच्या ग्रीलसारख्या ग्रिली तर मी इतक्या पाहिल्यात, की कुठे फसगत झाली असेल याचा अंदाज न बघताही बांधता येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न नीट मांडू. ‘जीआय की साधं लोखंड’ अशी निवड करायला गेलात तर फसाल, कारण बाजारात जीआय या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्या सगळ्यांवर जस्त असतं, पण किती असतं आणि कधी चढवलेलं असतं यात जमीन-अस्मानाचा फरक. विचारायचं ते हेच: जस्ताचा थर किती जाड, आणि तो वेल्डिंगच्या आधीचा की नंतरचा.

जस्त नेमकं काय करतं ते कळलं की हे आपोआप पटेल. रंग लोखंडावर पांघरुणासारखा बसतो. पांघरुणाला भोक पडलं की खाऱ्या दमट हवेला वाट मिळते, गंज रंगाच्या आत सरकत जातो आणि वरून पोपडे उठतात. जस्तही पांघरूण घालतंच, पण त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू आहे. दोन्ही एकमेकांना चिकटून असतील आणि वर पाण्याचा थर असेल, तर झिजायची पाळी आधी जस्तावर येते. ते स्वतः विरघळतं आणि लोखंडाला हात लागू देत नाही. म्हणून जस्ताच्या थरावर ओरखडा गेला, दोन-तीन मिलिमीटर लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त त्याची राखण करतं. मच्छीमार बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवलेला दिसतो तो याचसाठी. तो झिजून खड्ड्याखड्ड्यांचा झाला की काढायचा आणि नवा लावायचा. पंखा आणि शाफ्ट शाबूत.

पण यातच मेख आहे. जस्त खर्च होऊन वाचवतं, आणि खर्च होणारी गोष्ट कधीतरी संपते. किती दिवसांत संपेल हे हवेवर अवलंबून. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे वर्ग पाडलेत. त्यातल्या कडक वर्गात जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजतं, त्याच्या वरच्या वर्गात ४ ते ८. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) समुद्राला लागून असलेली मुंबईची इमारत मी या दोनांपैकी एका वर्गात धरते. लाटेचे तुषार थेट येत असतील तर त्याहून वाईट. रस्त्यापलीकडे, दोन इमारतींच्या आड असाल तर बरंच सौम्य. तुम्ही ‘समुद्राकडे तोंड’ एवढंच लिहिलंय, मधे किती अंतर आहे ते नाही, म्हणून पुढचा हिशोब मी वर्षाला ४ ते ८ असा कडक धरूनच करते.

आता बाजारातला जीआय बघा. ग्रीलसाठी सर्रास मिळतो तो चौकोनी पाइप बऱ्याचदा आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवलेला असतो. पत्र्याच्या बोलीत ‘१२० ग्रॅम’ म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० राहिलं. चौरस मीटरभर पसरलेल्या एक मायक्रॉन थराचं वजन सुमारे ७.१ ग्रॅम, म्हणजे थर झाला आठ-साडेआठ मायक्रॉनचा. वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जाणार असतील तर एक-दोन वर्षांत खेळ संपला. शिवाय फॅब्रिकेटर हा पाइप कापतो, वेल्ड करतो, जोड ग्राइंडरने घासतो आणि प्रत्येक जोडावरचं जस्त उडवून टाकतो. वर चंदेरी रंगाचा हात फिरवला की सगळं एकसारखं दिसतं. मामांची ग्रील आधी जोडांपाशीच गंजली असणार. त्यांना विचारून बघा.

इलेक्ट्रोप्लेटिंगचं, म्हणजे विजेने चढवलेलं जस्त हा दुसरा प्रकार. चकचकीत दिसतं, पण थर सहसा पाच ते बारा मायक्रॉनचा. घरातल्या स्क्रूला, बिजागरीला ठीक. समुद्रासमोर त्याचा निभाव लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे हॉट डिप. आधी ग्रील पूर्ण तयार करायची, सगळं वेल्डिंग संपवायचं, आणि मग ती अख्खी वितळलेल्या जस्तात बुडवायची. मी तुम्हाला सुचवीन ते हेच.

बुडवणं म्हणजे काय ते जवळून सांगते, कारण कोटेशन वाचताना उपयोगी पडेल. माल आधी कॉस्टिकमध्ये धुऊन तेल-ग्रीस काढतात, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत गंज उतरवतात, पाण्यात खंगाळून फ्लक्समध्ये (जस्त नीट धरावं म्हणून लावायच्या क्षारांच्या द्रावणात) बुचकळतात आणि सुकवतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं. बाथ, म्हणजे वितळलेल्या जस्ताची टाकी, ठेवतात ४५० अंशांच्या आसपास. वरची राख बाजूला सारली की खाली आरशासारखा पृष्ठभाग दिसतो. ग्रील आत उतरते तसा चर्र आवाज होतो, फ्लक्सचा पांढरा धूर उठतो आणि जस्त कडेने खदखदायला लागतं. जुना कारागीर घड्याळ बघत नाही, तो खदखद बघतो. ती शांत झाली की आतलं लोखंड बाथच्या तापमानाला आलं आणि जस्ताने त्याला नीट धरलं. मग सावकाश, एका चालीने वर घ्यायचं. घाई केली की कडांना जस्ताचे गुठळे लोंबतात.

या काही मिनिटांत जस्त लोखंडावर नुसतं बसत नाही, त्याच्यात मुरतं. मधे लोखंड-जस्ताच्या मिश्रधातूचे थर तयार होतात आणि सगळ्यात वर शुद्ध जस्ताचा. मधले काही थर खालच्या लोखंडापेक्षाही कठीण असतात, म्हणून हॉट डिपचा थर किल्लीने खरवडून निघत नाही.

थर किती मिळेल हे लोखंडाच्या जाडीवरही ठरतं, आणि ग्रील करवून घेताना नेमकं हेच कुणी सांगत नाही. आपल्याकडचं आयएस ४७५९ हे मानक ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड मालावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त मागतं, म्हणजे ८५ मायक्रॉन. २ ते ५ मिलिमीटरच्या मालाला ४६० ग्रॅम, म्हणजे ६४ मायक्रॉन. २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर ३४० ग्रॅम, जेमतेम ४८ मायक्रॉन. आता तुमचा हिशोब करा: दीड मिलिमीटरच्या पाइपची ग्रील हॉट डिप केली तरी सहा ते बारा वर्षं. तीच १० किंवा १२ मिलिमीटरच्या भरीव चौकोनी सळईची केली तर दहा ते वीस. खर्च वाढेल, वजनही वाढेल, आणि जुनी इमारत असेल तर कठडा ते वजन पेलेल का हे आधी बघून घ्यायला हवं. पण सळईची निवड निम्मी लढाई जिंकून देते, हे मी अनुभवाने सांगते.

सळईचा आणखी एक फायदा, आणि हा जिवाशी निगडित आहे. बंद पाइप बुडवायचा असेल तर त्याला दोन्ही टोकांना भोकं पाडावीच लागतात, हवा-पाणी बाहेर पडायला आणि जस्त आत शिरायला. आमच्याकडे एकदा एका फॅब्रिकेटरकडून पाइपचं गेट आलं. भोकं दिसत होती, पण एका आडव्या पाइपचं भोक त्याने वेल्डिंगनंतर पुट्टी भरून बुजवलं होतं, का तर दिसायला बरं दिसावं म्हणून. त्या पाइपात ॲसिड धुतलेलं थोडं पाणी अडकलं होतं. बाथमध्ये उतरल्यावर पाण्याची वाफ झाली आणि पाइप फुटला. वितळलेलं जस्त उंच उडालं, पुढच्या पत्र्याच्या आडोशावर आदळलं आणि तिथेच गोठलं. आडोसा होता म्हणून पलीकडचे दोघे वाचले. त्या दिवसापासून मी प्रत्येक पाइपात तार घालून बघितल्याशिवाय माल पुढे सोडला नाही. तुमचा फॅब्रिकेटर ‘भोकं कशाला, वाईट दिसतात’ म्हणाला तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

पहिला फॅब्रिकेटर म्हणतो तशी तयार जीआय पाइपची ग्रील जागेवर वेल्ड करायची ठरलीच, तर निदान त्याच्या माणसाची काळजी घ्या. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी पट गरम असतो. जोडावरचं जस्त वाफ होऊन उडतं, हवेत जळतं आणि त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो, अंग मोडून जातं. सहसा दिवस-दोन दिवसांत उतरतो. वेल्डर मंडळी वर्षानुवर्षं यावर दूध पितात. दूध पिऊ देत, पण त्याने धूर अडत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढणं, उघड्या हवेत काम करणं आणि धुरासाठीचा योग्य मास्क लावणं, हाच उपाय. ताप उतरला नाही किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

जस्ताच्या या उडून जायच्या स्वभावाने माणसाला फार काळ चकवलं. खनिजातून जस्त सुटायला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं, म्हणजे ते भट्टीतून निघतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की पुन्हा पांढरी राख. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर इथे कारागिरांनी यावर शेकडो वर्षांपूर्वी तोड काढली होती: मातीची मूस उलटी ठेवायची, वरून तापवायची आणि वाफ खाली थंड भांड्यात उतरवायची. त्या मुशींचे ढीग आजही तिथे आहेत. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. आयुर्वेदातलं यशद ते हेच. लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये घेतलं, आणि आज जगातलं जवळपास निम्मं जस्त याच कामी जातं. झावरची आठवण आली की मला नेहमी अभिमान वाटतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आता घरच्या घरी ओळखायचं कसं. थर मोजायचं गेज कारखान्यात असतं, तुमच्याकडे नसणार. माझ्या भावाने वरळीला ग्रील बसवून घेतली तेव्हा मी एवढंच केलं: पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेतलं आणि जोडावर जरा जोर लावून घासलं. फडकं चंदेरी झालं आणि खाली काळं लोखंड दिसलं. म्हणजे तो रंग होता. खऱ्या जस्तावर फडकं मळकट होईल, पण चंदेरी रंग सुटणार नाही. मग पाइपच्या भोकात टॉर्च मारून बघा. बुडवलेल्या पाइपात आतूनही जस्त दिसतं. जोडावर आणि शेजारच्या पाइपवर एकच अखंड थर दिसायला हवा, कोपऱ्यात कुठेतरी जस्ताचा थेंब गोठलेला दिसायला हवा. लोहचुंबकाने काही कळत नाही, तो सगळ्यालाच चिकटतो.

बसवताना एखाद-दुसरं वेल्डिंग साइटवर करावं लागलंच, तर तो भाग घासून लख्ख करून त्यावर जस्ताची पूड भरपूर असलेला झिंक-रिच रंग लावायला सांगा. तो उघड्या लोखंडावरच लावायचा. यातल्या जस्ताचा लोखंडाशी प्रत्यक्ष स्पर्श झाला तरच ते राखण करतं. गंजावर किंवा जुन्या रंगावर लावलं तर महाग करडा रंग लावल्यासारखंच आहे. तुमची आत्ताची ग्रील वाचवायची असेल तरी हाच नियम. सळया अजून भक्कम असतील तर ग्रील उतरवून, जुना रंग पूर्ण काढून ती हॉट डिपला पाठवता येते. रंग आधीच काढायला हवा, कारण ॲसिडने गंज जातो, रंग जात नाही. सळया खाल्ल्या गेल्या असतील तर त्यावर पैसे घालू नका.

हॉट डिपवर रंग हवा का? समुद्रालगतच्या इमारतींच्या पहिल्या रांगेत असाल तर हवा. जस्त आणि रंग एकत्र असले की दोन्ही एकमेकांना जपतात आणि दोघांची मिळून जी वर्षं होतील त्याहून जास्त टिकतात. पण नेहमीचा ऑइल पेंट थेट जस्तावर मारू नका. त्यातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग सालीसारखा सुटतो. पृष्ठभाग धुऊन, हलका खरखरीत करून आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ‘दोनदा रंग मारला तरी’ असं तुम्ही लिहिलंय ना, तिथेही बहुधा गंज नीट काढला गेला नव्हता.

स्टेनलेसबद्दल थोडक्यात. ३०४ ग्रेड समुद्रासमोर तपकिरी डाग धरते. मजबुतीला लगेच धोका नसतो, पण चहा सांडल्यासारखी दिसते आणि सारखी पुसावी लागते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ती बरीच चांगली टिकते आणि महागही आहे. खिसा परवानगी देत असेल तर ३१६ घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त बिलावर ग्रेड लिहून घ्या.

शेवटी निगा. पावसाळ्यात ग्रील जास्त गंजते असं सगळ्यांना वाटतं. मी उलट पाहिलंय: जिथे पाऊस थेट पडतो तो भाग स्वच्छ राहतो, आणि छज्जाखालचा, सळयांच्या पोटाकडचा, पावसाचं पाणी न लागणारा भाग आधी जातो. तिथे मीठ बसतं आणि कुणी धूत नाही. रात्रीच्या दमट हवेत ते मीठ ओल धरून बसतं. म्हणून पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा ग्रीलवर साधं पाणी मारा, खालच्या बाजूने सुद्धा. कबुतरांची घाण साठू देऊ नका. बाथरूम साफ करायचं ॲसिड ग्रीलच्या आसपासही नको. जस्त ॲसिडमध्ये बघता बघता विरघळतं. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणी जस्तावर पडू देऊ नका, त्यात उतरलेलं तांबं जस्ताला झपाट्याने खातं.

नव्या ग्रीलची चमक काही महिन्यांत जाऊन ती मंद राखाडी होईल. घाबरू नका, जस्तावर हवेने कार्बोनेटचा थर धरलाय आणि तोच त्याला जपतो. मात्र माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओला ठेवला तर वर फुगीर पांढरी पूड येते. ती नायलॉनच्या ब्रशने काढून ग्रील वाऱ्यावर ठेवा. आणि बऱ्याच वर्षांनी कुठे फिकट तपकिरी झाक आली, तर लगेच गंज समजू नका. वरचं शुद्ध जस्त संपून खालचा लोखंड मिसळलेला थर उघडा पडला, की असा रंग येतो. तेव्हा रंगकामाला हात घालायचा, अजून वेळ गेलेली नसते.

समुद्र आणि बाल्कनी यांच्यात किती अंतर आहे, ग्रीलवर छज्जा आहे का, आणि कोटेशनमध्ये सळईची जाडी किती लिहिलीय, एवढं कळवा. हॉट डिप कुठल्या कारखान्यात करून आणणार आणि टेस्ट सर्टिफिकेटवर मायक्रॉनचा आकडा देणार का, हेही फॅब्रिकेटरला विचारून ठेवा. ते कळलं की तुमच्या ग्रीलचा नेमका हिशोब मी करून देते.